अ‍ॅव्हरेज आणि टायरचा एक फेरा

सकाळी ६

जून लागला की नारायणगावात टायरचं दुकान उशिरा उघडून भागत नाही. टोमॅटोचे क्रेट भरलेले पिकअप उजाडायच्या आत रस्त्यावर येतात आणि निम्मे तरी मार्केटला जाण्याआधी आमच्या दारात हवा बघून घ्यायला थांबतात. ही सवय चांगली आहे. टायर थंड असताना बघितलेली हवाच खरी. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर पळून आली, की रबर तापतं, आतली हवा फुगते आणि गेज जास्त दाखवतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं, की साधारण एक पौंड हवा वाढलेली दिसते. मग ड्रायव्हर म्हणतो, "जास्त झालीय, काढा थोडी." तापलेल्या टायरातली हवा काढली, की सकाळी थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेवर बसतो आणि दिवसभर डिझेल खात राहतो. म्हणून माझ्याकडच्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो: गाडी किती लांबून आली हे आधी विचार, मग गेज लाव.

सकाळी ८

पिकअपची गर्दी ओसरली, की मोठ्या गाड्या यायला लागतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, अधूनमधून फॉर्च्युनर. जुन्नर-आंबेगावात या गाड्या नुसत्या हौसेनं घेतलेल्या नसतात. मळ्यात घर, घरापर्यंतचा रस्ता पाणंदीचा, पावसाळ्यात तिथं दुचाकी घसरते. त्यात आमच्याकडे चारी बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. अंधार पडल्यावर बायकामुलांना घेऊन मोटारसायकलवर जायला माणूस धजत नाही. चारचाकी आणि तीही उंच, ही इथली गरज आहे.

त्याच गरजेपोटी पुढची पायरी येते: टायर मोठे टाकायचे. चिखलात गाडी अडकू नये, दगडावर खालून घासू नये, दिसायलाही भारदस्त दिसावी. कारणं खोटी नाहीत. पण तीच गाडी आठवड्यातले बहुतेक किलोमीटर कुठं पळते? पुणे-नाशिक महामार्गावर. पाणंद एक-दोन किलोमीटरची, चाकण-पुण्याची फेरी दीडशेच्या पुढची. मोठ्या टायरचा फायदा पाणंदीवर मिळतो आणि त्याची किंमत हायवेवर भरावी लागते. ही किंमत नेमकी किती, हे कुणी मोजत नाही. मला मोजायला आवडतं. टोमॅटोचा भाव पडला की डिझेलचा प्रत्येक लिटर घरात जाणवतो, हे मी इथं रोज बघतो.

सकाळी ९:३०

येडगावकडचे एक काका बोलेरो घेऊन आले. कंपनीचे टायर २१५/७५ आर १५. ते काढून त्यांनी उन्हाळ्यात बाहेरून २३५/७५ आर १५ बसवून आणलेत, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे. काका उतरले ते तक्रार घेऊनच.

"चौदाचं अ‍ॅव्हरेज होतं रं. आता बाराच्या वर जाईना. हायवेलाच म्हणतोय मी, शेतातलं नाय धरलं."

"काका, हे बारा कशावरनं काढलं?"

"मीटरवरनं. आणि कशावरनं काढणार?"

इथंच थांबावं लागतं. मीटरला किलोमीटर कळत नाहीत. चाकाचे फेरे किती झाले तेवढंच त्याला कळतं. एका फेऱ्यात गाडी किती पुढं सरकते, हे कंपनीनं आपल्या टायरच्या मापावरून आधीच ठरवून ठेवलेलं असतं. टायर बदलला तरी मीटर जुन्याच मापानं मोजत राहतो.

गणित टायरच्या कडेवरच लिहिलेलं आहे. २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के उंचीची बाजूची भिंत. १५ म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास इंचांत. भिंत वर आणि खाली अशी दोनदा धरायची आणि डिस्क मिळवायची: २१५/७५ चा व्यास येतो साधारण ७०३ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३३. फरक ३० मिलिमीटरचा, म्हणजे सव्वाचार टक्के.

काकांना आकडे सांगून पटलं नसतं, म्हणून खडू घेतला. सपाट फरशीवर गाडी उभी केली, पुढच्या टायरवर खाली जमिनीला टेकतो तिथं रेघ मारली आणि तीच रेघ फरशीवरही ओढली. पोरानं गाडी सावकाश ढकलली. रेघ वर गेली, पलीकडून खाली आली, पुन्हा फरशीला टेकली. तिथं दुसरी खूण केली. टेप लावला: २ मीटर २३ सेंटीमीटर. शेजारी दुसरी बोलेरो सर्व्हिसिंगला उभी होती, कंपनीच्याच मापाच्या टायरवर. तिचा फेरा तसाच मोजला: २ मीटर १४. कागदावरच्या व्यासापेक्षा दोन्ही फेरे थोडे कमी येतात, कारण गाडीच्या वजनानं टायर खाली दबलेला असतो. पण दोघांतला फरक तेवढाच राहतो. काका दोन खुणांमधलं अंतर पुन्हा पुन्हा बघत होते.

"म्हणजे गाडी शंभरावर चार किलोमीटर जास्त चाललीय आणि मीटरनं ते धरलेच नाहीत?"

तेच. मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ च्या वर गेलेली असते. म्हणून काकांच्या बाराला सव्वाचार टक्क्यांनी वाढवायचं, म्हणजे साडेबारा. चौदाचे बारा झाले असं वाटत होतं. त्या दोनातला अर्धा किलोमीटर मोजणीतला आहे, तो गेलेलाच नाही. उरलेला दीड मात्र खरा गेला आणि तो हलका नाही. वर्षाला वीस हजार किलोमीटर गाडी पळत असेल, तर चौदाऐवजी साडेबारा म्हणजे १७० लिटर डिझेल जास्त. नव्वदीच्या घरातला भाव धरला तर पंधरा हजार रुपये.

आता तो दीड कुठं गेला, ते शोधायचं. हवा बघितली: दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा सहा पौंड कमी, चारही चाकांत. चारही टायरांत सरासरी एक पौंड हवा कमी असली, की इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त जातं, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. सहा पौंडांचा सव्वा टक्का इथंच गेला. टायरच्या माथ्यावरची नक्षी नांगरासारखी खोल. चालताना प्रत्येक ठोकळा दबतो, पुन्हा सुटतो आणि त्या दबण्या-सुटण्यात ताकद उष्णता होऊन जाते. टायर रुंद, त्यामुळे वारा जास्त अडवतो. शिवाय जुन्या टायरपेक्षा नगाला दोन-तीन किलो जड. आणि काका एक सांगायचं विसरले होते: टायर बसवले त्याच आठवड्यात टपावर कॅरियरही चढवलंय. हायवेवर ते कॅरियर रिकामं असलं तरी वाऱ्याशी झगडत राहतं. टायरच्या नावावर लिहिलेल्या खर्चात त्याचाही वाटा आहे.

सकाळी ११

हवा भरली, कॅरियर पान्यानं उतरवलं आणि काकांना शेजारी बसवून गाडी मंचरच्या दिशेनं काढली. फोनमध्ये जीपीएसचं अंतर चालू केलं आणि मीटरचा ट्रिप शून्यावर आणला. बायपास झाल्यापासून नारायणगाव, कळंब, मंचर ही गावं बाजूला राहतात आणि गाडी एका वेगानं नेता येते. अशी तपासणी करायची तर असाच रस्ता हवा. पूर्वी गावागावात गिअर बदलत जाताना टायरचा परिणाम कुठं संपतो आणि ट्रॅफिकचा कुठं सुरू होतो, हे सांगताच यायचं नाही.

काटा ८० वर धरला. काका म्हणाले, "असाच चालवतो मी, ऐंशीच्या वर नाय." पण पूर्वीच्या ऐंशीपेक्षा हे ऐंशी वेगळं आहे. काटाही चाकाच्या फेऱ्यांवरच चालतो. आता तो ८० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा सव्वाचार टक्के जोरात असते. कंपनीचा काटा मुळात थोडा पुढंच दाखवतो, ती सवलत या टायरांनी संपवली. आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो: सव्वाचार टक्के वेग वाढला, की विरोध साधारण नऊ टक्के. ८० वरून १०० वर गेलं, तर तो ५६ टक्क्यांनी वाढतो. बोलेरोसारख्या चौकोनी, उभ्या तोंडाच्या गाडीला हायवेवर सगळ्यात जास्त ताकद वारा कापायलाच लागते. काका नकळत जोरात चालवत होते आणि त्याचं डिझेल भरत होते. त्यांना मी एवढंच सांगितलं, काटा ७६-७७ वर ठेवा, तेच तुमचं जुनं ऐंशी.

अवसरीच्या घाटात दुसरी गोष्ट दिसली. चाक मोठं झालं, की गिअर लांबट झाल्यासारखे होतात. एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, म्हणून तेवढ्याच वेगाला इंजिन चार टक्के कमी फिरतं. सपाटीला हे ऐकायला छान वाटतं आणि ताकदीच्या इंजिनाला कधी थोडा फायदाही होतो. पण बोलेरोचं दीड लिटरचं, ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन आपला पूर्ण जोर १६०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात देतं, आणि चाकाशी पोचणारी ओढ आता चार टक्क्यांनी कमी झालेली. काका म्हणाले, याच चढाला पूर्वी गाडी चौथ्यात निघायची. आज मधल्या वळणावर तिसरा टाकावा लागला. ब्रेकचंही तसंच: पाय तेवढाच दाबला तरी मोठ्या चाकावर पकड थोडी कमी पडते. उतारावर ते त्यांना लक्षात आणून दिलं.

पेठहून फिरलो. परतीला फोनवर ५० किलोमीटर पुरे झाले, तेव्हा मीटर ४८ च्या आतबाहेर होता. दुकानातल्या खडूच्या रेघा आणि रस्ता, दोघांचं उत्तर एकच आलं.

दुपारी १:३०

डबा खाताना काका जुन्या जीपच्या गोष्टी काढून बसले. जुन्नरच्या बाजाराला जाणारी वडापची जीप, तिचे ते अरुंद, उंच टायर, आणि चिखलातून ती कशी निघायची. त्यांची आठवण बरोबर आहे आणि मुद्द्याचीही आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप ६.००–१६ मापाच्या टायरवर चालायची. रुंदी सहा इंच, म्हणजे दीडशे मिलिमीटरच्या आसपास, काकांच्या बोलेरोच्या मूळ टायरपेक्षाही कितीतरी अरुंद. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला लागतो. आमच्या काळ्या रानातल्या पाणंदीला ते गुण रुंद टायरपेक्षा जास्त उपयोगी पडतात, असं माझं मत आहे.

आणि उंची म्हणजे खर्च, असंही नाही. बीएमडब्ल्यूनं आय३ ही विजेवरची गाडी काढली तेव्हा तिला १५५/७० आर १९ असे टायर दिले: चाक मोठं, टायर अरुंद. उंच चाक रस्त्यावर सहज गडगडतं, अरुंद टायर वारा कमी अडवतो, एका चार्जमध्ये गाडी लांब जाते. डिझेल खातात ते रुंदी, वजन, खोल नक्षी आणि कमी हवा. आपल्याकडे 'मोठा टायर' म्हणून जे विकलं जातं त्यात हे सगळं एकत्र येतं आणि गिऱ्हाईक फक्त उंची बघतं.

टायरच्या गडगडण्याला जो विरोध होतो, तो दहा टक्क्यांनी कमी झाला तर इंधन एक ते दोन टक्के वाचतं, असा हिशेब अमेरिकेत २००६ साली सरकारसाठी केलेल्या अभ्यासात मांडला गेला. आपल्याकडेही केंद्र सरकारनं २०२२ साली या विरोधाला मर्यादा घालणारा नियम काढला. नव्या नक्षीच्या टायरांना तो ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला, आधीपासून चालू असलेल्यांना एप्रिल २०२३ पासून. ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज हेही त्यात आहेत. गिऱ्हाइकानं नक्षी बघावी, किंमत बघावी, पण हेही विचारावं असं मला फार वाटतं. क्वचितच कुणी विचारतं.

दुपारी ३

नाणेघाटाकडून एक थार आली, पुण्याची पोरं. २५५/६५ आर १८, कंपनीचंच माप, त्यात काही चूक नाही. घाटघरच्या पुढं चिखल लागला म्हणून त्यांनी हवा कमी केली होती. चिखलात ते योग्यच: टायर पसरतो, पकड वाढते. पण जुन्नरवरून इथपर्यंत ते तसेच पळत आले. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. आत रबर आणि दोऱ्यांचे थर सारखे वाकत राहिले की उष्णता साठते, आणि डिझेल तर जातंच, टायर फुटायचीही भीती असते.

हवा भरून दिली आणि सांगितलं, पुढच्या वेळी बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा, डांबरी लागली की आधी हवा, मग फोटो. त्यांच्या घाईत एवढंच बोलता आलं.

दुपारी ४:३०

मंचरचा एक तरुण स्कॉर्पिओ घेऊन आला. २३५/६५ आर १७ काढून २६५/६५ आर १७ टाकायचेत, डिस्क तीच. गाडी त्यानं कर्जावर घेतलीय, रोज चाकणला कंपनीत जातो-येतो.

"दादा, अ‍ॅव्हरेजला किती फरक पडंल? खरं सांगा, विकायचं म्हणून नको."

खरं सांगायचं तर आधी मीटरचा भाग: व्यास ७३७ वरून ७७६, सव्वापाच टक्के. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीच्या १०५ वर असेल. मीटरवर अ‍ॅव्हरेज तेवढं कमी दिसेल, पण तेवढा भाग दिसण्यापुरता. पलीकडचा भाग खरा, आणि तो टायरच्या नक्षीवर आणि वेगावर ठरेल. त्याला आकडा दिला नाही. नक्षी कोणती घेणार ते ठरलेलं नसताना आकडा सांगणं म्हणजे फसवणूक. मग गाडी लिफ्टवर घेतली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि आतल्या अस्तराशी किती जागा उरते ते त्याला हातानं चाचपायला लावलं. रुंदी ३० मिलिमीटरनं वाढणार, त्यातले पंधरा आत. खड्ड्यात गाडी दबली आणि चाक वळलेलं असलं, तर घासायची शक्यता दिसत होती.

कंपन्या स्वतः माप वाढवतात तेव्हा किती जपून वाढवतात, हेही दाखवलं. स्कॉर्पिओ-एनच्या खालच्या मॉडेलला २४५/६५ आर १७, वरच्याला २५५/६० आर १८. डिस्क इंचानं मोठी, पण भिंत बारीक केलेली. बाहेरचा व्यास जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. दिसायला भारदस्त, मीटर जवळपास जागेवर.

"आणि स्टेपनी?" मी विचारलं. त्यानं चार नगांचा हिशेब केला होता. मागच्या एका चाकाला लहान माप आलं, की दोन चाकं वेगवेगळ्या फेऱ्यांनी फिरतात आणि वळणापुरतं काम करायला बनवलेलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत झिजत राहतं. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीला तर हे मुळीच चालत नाही. घ्यायचे तर पाच घे. पाचाची किंमत ऐकल्यावर तो गप्प झाला. रोज चाकणला जाणाऱ्याला हायवेच्या नक्षीचे मूळ मापाचेच टायर बरे, असं मी स्पष्ट सांगितलं. उद्या घरी विचारून कळवतो म्हणाला. घरच्यांना विचारणार हे चांगलंच, हप्ता सगळ्यांच्या घासातून जातो.

सायंकाळी ७

काका पुन्हा आले, टोमॅटोचा माल मार्केटला घालून. त्यांना अजून एक पक्कं हवं होतं: हवा भरून, कॅरियर काढून किती परत मिळालं, ते कसं बघायचं?

एका फेरीत बघू नका, हे मी बजावलं. सत्तर किलोमीटरच्या फेरीला पाच लिटर लागतात. नोझल तुटताना अर्धा लिटर इकडंतिकडं झाला, की दहा टक्क्यांची चूक. टायरचा परिणाम त्याहून लहान आहे, तो त्यात बुडून जातो. चारशे किलोमीटर होऊ द्या, तीस लिटर लागू द्या, मग तोच अर्धा लिटर दोन टक्क्यांच्या आत येतो. एकच पंप, एकच नोझल, गाडी तशीच उभी, पहिल्यांदा नोझल तुटलं की थांबायचं, वरून कोंबायचं नाही. हवा सकाळी थंड असताना. जाणं-येणं दोन्ही धरायचं, म्हणजे घाटाचा चढ आणि उतार फिटून जातो.

डायरीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: मीटरचे किलोमीटर × १.०४३ ÷ लिटर. काकांनी ते दोनदा वाचलं.

"आणि तेरा-साडेतेराच आलं तर?"

"तर तेवढी या नक्षीची किंमत. पावसाळाभर तुम्हाला पाणंदीला ती परवडते का, ते तुम्ही ठरवा. दिवाळीनंतर रस्ता सुकला की जुने टायर परत चढवू."

"जुने इकायला काढलेत थोरल्यानं."

"थांबवा त्याला. अजून निम्मी नक्षी शिल्लक असंल त्यांच्यात."

काकांनी तिथूनच फोन लावला. "आरं, ते टायर देऊ नको कुणाला. पाची ठेव. शेडात घे, उन्हात नको."